‘स’ आला की तोडायचे

१२ मार्च १९६२, सोमवार

शालनने माझी वही तांबड्या पेन्सिलीने चिरून ठेवली. पानभर उभ्या रेघा. आधी वाटले सगळेच चुकले. ती म्हणाली, आई, चुकलेले काही नाही, पण शब्द कुठे संपतो ते कळत नाही, म्हणून तोडून दाखवले. बघितले तर खरेच. परवा मी लिहिले होते, आजबाजारातूनबांगडेआणलेबायोनेदोनखाल्ले. आता झाले, आज बाजारातून बांगडे आणले बायोने दोन खाल्ले. बांगडे तेच, पण साफ करून, कापून ताटात मांडल्यासारखे. मला हसूच आले. डोक्याचे केस पिकून गळायला लागले आणि दोन शब्दांत जागा सोडायची असते हे आज कळते.

माझा तरी काय दोष. शाळेतून दुसरीतच काढले. पुढचे सगळे बापाशीकडून, आणि ते मोडी. बापूस वाडीतला लिहिणारा. कोणाचा अर्ज, कोणाचे मुंबईचे पत्र, सगळे आमच्या लोट्यावर (ओटी म्हणायचे, शालन सांगते). तो बसून लिहायचा आणि दौत मी धरायची. कागदावर आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढायची, मग अक्षरे तिच्याखाली टांगत जायची, दोरीला सुके बांगडे टांगतो तशी. रेघ तुटत नाही तर शब्दाने का तुटावे?

बालबोध लिहायला मी सुनेकडून, शालनकडून शिकले. सून खारेपाटणची, इथल्या शाळेत मास्तरीण. झील, म्हणजे तिचा नवरा, कणकवलीला, शनिवारी येतो. नात बायो, तीन वर्षांची, ती बोलते पण माझ्या लिहिण्यासारखी, सगळे एका दमात.

शालनचे नाव पुढे शा. असे लिहीन. ल आणि न मला सारखेच जातात.

१४ मार्च

आज नियम सापडला. सकाळपासून पाय जमिनीवर नाहीत.

बापाशीची पेटी काढली होती. लोकांनी न नेलेली पत्रे, कच्च्या प्रती. शा.ला मोडी येत नाही. मला येते आणि तिला नाही, हे मी दिवसातून दोनदा तरी आठवून घेते. मी वाचायचे आणि तिने बालबोधीत उतरवायचे ठरले. पण तोडायचे कुठे? ती म्हणाली, अर्थ बघून तोडा. अगो, अर्थ कळायला आधी तोडायला नको? मग मी अर्थाकडे पाठ केली आणि नुसती अक्षरे बघत बसले. तेव्हा दिसले.

आपण बोलताना म्हणतो रामाक, भावाक, आवशीक. तेच कागदावर गेले की रामास, भावास, आईस. कचेरीत जाताना कोट घालावा तसे. आणि हा स नेहमी शब्दाच्या शेपटीला. म्हणून नियम असा, उघडा स आला की तोडायचे. उघडा म्हणजे काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, अंगावर काही नाही असा.

रामासपत्रदिलेगोविंदासनिरोपसांगितला.

रामास / पत्रदिलेगोविंदास / निरोपसांगितला. बघा. सां उघडा नाही, त्याला सोडला. एवढे तुकडे झाले की आतले आपोआप सुटतात. दुपारपर्यंत सात पत्रे वाचून झाली.

शा. शेवटी मास्तरीणच. पाटीवर लिहिले, उद्यासकाळीये. म्हणाली, तोडा. मी नियमाने तोडले. उद्यास काळी ये. दोघी हसून लोळलो. बायोला काही कळले नाही तरी ती पण हसली आणि दिवसभर काळीये काळीये करत फिरली. शा. म्हणते, आई, नियम कच्चा आहे. मी म्हटले, फणसाला चीक असतो म्हणून कोणी फणस टाकतो काय.

१७ मार्च

बाबलो आला. माझ्या भावाचा मुलगा. भाऊ जाऊन चार वर्षे झाली. त्याचे घर पलीकडे, मध्ये फक्त बाव (विहीर, शा. सांगते). माझा घोव तांडेल होता, गलबत घेऊन गेला तो आलाच नाही, तेव्हा बापाशीने मला माहेरच्याच जमिनीतला हा तुकडा चोळीबांगडी म्हणून दिला. घरापुरता, भाजीच्या वाफ्यांपुरता. बावीला तेव्हापासून दोन तोंडे. पश्चिमेला भावाचा रहाट, पूर्वेला माझी लाट. लाट म्हणजे लांब वासा, एका टोकाला दगड, दुसऱ्याला घडा. दगड वर खेचतो आणि मी नुसती खाली ओढते. या वयाला तेच बरे.

तर बाबलो म्हणाला, "आत्ये, माका पण मोडी शिकव. आज्याचे कागद आसत घरात. उंदीर वाचतत, आमी नाय."

मला किती बरे वाटले. सगळी वाडी म्हणते मोडी मेली, कचेरीतून गेली, आता कशाला. आणि हा शिकलेला मुलगा येऊन खाली बसतो. चहात गूळ जास्त घातला. आज क ते ङ. उद्या येणार आहे.

२३ मार्च

शिमग्यात दोन दिवस गेले, तरी बाबल्याची अक्षरे झाली. डोके चांगले. त्याला मी स चा नियम दिला. त्याने मांडीवर थाप मारली. "आत्ये, ह्यां तू सरकाराक सांग."

मी नियम सगळ्यांना सांगते आहे. काल बावीवर त्याच्या बायकोला, सरसला सांगितला. तिला लिहिता येत नाही, पण ऐकून घेतले आणि म्हणाली, माझ्या नावात दोन स आसत, माका खंय तोडतलास?

२४ मार्च

बाबल्याचे इंजिन आले. कोल्हापूरहून, फोंडाघाटावरून लॉरीत. आंब्याची नवी कलमे लावली आहेत त्यांना पाणी द्यायला. वाडी सगळी बघायला. मी कुंकू लावले, नारळ फोडला. सुरू केले तेव्हा बायो माझ्या लुगड्यात शिरली. पाणी आले ते माडाच्या बुंध्याएवढे जाड. मी पण टाळ्या वाजवल्या. लिहून ठेवते, मी पण वाजवल्या.

२७ मार्च

बावीला तळ दिसतो. माझा घडा खडकावर आपटला. मार्चमध्ये असे कधी झाले नव्हते, एप्रिल सरता सरता व्हायचे. सकाळी इंजिन चालते, ते बंद झाल्यावर माझ्या वाट्याला चिखल. तांबडी भाजी मान टाकून. सरसला म्हटले, बाबल्याक सांग, वाईच उशिरान लाव. ती म्हणाली सांगते. चेहरा दुसरीकडे.

२९ मार्च

आज काय झाले ते नीट लिहायचे आहे. रागाने नाही. रागाने पण.

बाबलो कागद घेऊन आला. बापाशीनेच लिहिलेला, चोळीबांगडीचा, भावाच्या पेटीत होता. मी वाफ्यात होते, शा. शाळेतून नुकतीच आलेली, सरस त्याच्या मागे. तो उभ्याने वाचू लागला. खडखडीत, कुठे अडखळला नाही. घर, वाफे, दोन माड, सीमा. मी शा.कडे बघत होते, बघ माझा विद्यार्थी. बारा दिवसांत. मला आधी आनंद झाला, हे खोटे कशाला लिहू.

मग तो थांबला आणि एक ओळ दुसऱ्यांदा वाचली. "बावीवर भावास मान, बहिणीस पाणी."

म्हणाला, मान भावाचा. म्हणजे बाव कोणी कधी वापरायची ते भावाने ठरवायचे, आता त्याच्या मुलाने. बहिणीस पाणी आहे, ते मी नाही म्हणत नाही, पण माझे झाल्यावर. आणि तुझी लाट मध्ये येते, इंजिनाचा पाइप तिकडून न्यायचा आहे, पाडव्यापर्यंत काढून घे.

मी म्हटले, बापूस असे लिहायचा नाही.

"तुझोच नियम, आत्ये. उघडो स इलो काय तोडूचो."

तो गेला. वाफ्यात पाण्याची झारी पडली होती ती तशीच.

३० मार्च

शा.ने ओळ पाटीवर लिहिली, सगळी एकत्र, कागदात आहे तशी.

बावीवरभावासमानबहिणीसपाणी

मग खाली दोनदा तोडून लिहिली. भावास मान बहिणीस पाणी. भावा समान बहिणीस पाणी. एकच स, तो इकडे की तिकडे. इकडे आला तर बाबलो बावीचा धनी. तिकडे गेला तर जेवढी बाव त्याची तेवढी माझी. मी कितीतरी वेळ बघत बसले. एवढेसे अक्षर, अंगावर कापड नाही, आणि पूर्ण बाव त्याच्या शेपटीला.

शा. म्हणाली, दुसरेच खरे असणार, आई. असणार म्हणून बाबलो ऐकतो काय. उद्या सकाळी ये चे उद्यास काळी ये झाले तेव्हाच मी शहाणे व्हायला हवे होते. नुसता स बघून कापायचा म्हणजे डोळे मिटून मासा कापण्यासारखे. स च्या मागे काय, पुढे काय, दोन्ही बघून सुरी ठेवायची. मान पुढे आला की थांबायचे, समान तर नव्हे ना विचारायचे. नियम मी केला, तर दुरुस्त पण मीच करणार.

लाट काढणार नाही. हे जागा सोडून लिहिते, लाट काढणार नाही.

१ एप्रिल

झील काल आला. म्हणाला, आई, घरातलेच भांडण, तो इंजिन बंद करील तेव्हा दोन कळश्या घेत जा, मी त्याला सांगतो. मी म्हटले, दोन कळश्या भिकाऱ्याला पण देतात. त्याने पाट ओढला. जेवला, दोन वेळा भात घेतला. मुलगा चांगला आहे, बापासारखा वाऱ्याबरोबर जातो एवढेच.

३ एप्रिल

सापडले. सापडले सापडले.

कागद बघायला मागितला होता. बाबल्याने दिला, हे त्याचे चांगले म्हणायचे. सरसच्या हाती पाठवला आणि तिला सांगितले, हातातून सोडू नको. सरस उन्हात अंगणात कागद धरून उभी, आणि मी खाली बसून वाचते, जशी दौत धरून बसायचे तशीच. तेव्हा आठवले.

बापूस बोरू दौतीत बुडवायचा तेव्हा मी दौत थोडी कलती करायची. केव्हा बुडवणार ते मला त्याच्या आधी कळायचे. शब्द संपला की. मध्ये कधीच नाही. शाई संपत आली तरी रेटून शब्द पुरा करायचा. म्हणायचा, अर्ध्या शब्दावर बोरू उचलणे म्हणजे अर्ध्या घासावर ताटावरून उठणे. दुसऱ्या लिहिणाऱ्यांचे मला माहीत नाही. माझा बापूस असे करायचा.

आणि बोरूची शाई कशी, बुडवल्यावर पहिले अक्षर काळे कुळकुळीत, मग फिके फिके होत जाते. बावीवर काळे. भावा फिके, वा तर जवळजवळ गेलेलाच. आणि मग स. स काळाकुट्ट. मान त्याच्या मागून फिकट होत जातो.

म्हणजे भावा वर शब्द संपला, बोरू बुडवला आणि मग समान. दौत मीच धरली असणार त्या दिवशी. नाही, त्या दिवशी मी विधवा होऊन आतल्या खोलीत असणार. दौत कोणी धरली असेल?

सरसला दाखवले. तिला अक्षर येत नाही, पण काळे आणि फिके येते. तिने बघितले. परत बघितले. म्हणाली, "ह्यो काळो आसा." मग कागदाची घडी घालून गेली.

५ एप्रिल, पाडवा

आज गुढी लाटेच्या टोकाला बांधली.

वासा आडवा करून बांधली आणि दगडाकडचे टोक सोडले, की वर गेली ती माडाच्या झावळापर्यंत. वाडीत एवढी उंच गुढी कोणाची नव्हती. बाबलो दोन माणसे घेऊन आला लाट काढायला, आणि बघत राहिला. पाडव्याला उभी गुढी कोण उतरवणार. सावळो गुरव वाटेने चालला होता तो म्हणाला, बाबल्या, सांजपर्यंत थांब रे. सगळे हसले. मी म्हटले सांजेला उतरवीन. कुठल्या दिवसाच्या सांजेला ते सांगितले नाही.

मग लोक होतेच तर मी बोलून घेतले. शाई सांगितली, दौत सांगितली, अर्धा घास सांगितला. बाबल्याने ऐकले. मग म्हणाला, शाई कधीपासून साक्ष द्यायला लागली. आणि त्याने चांगले शोधले होते, मानायला हवे. वरच्या ओळीत माडांबद्दल लिहिले आहे, दोघांससमान. तिथे दोन स, एक दोघांस चा, एक समान चा. मग इथे आज्याला समान म्हणायचे असते तर भावाससमान लिहिले असते. इथे एकच आहे. म्हणजे तो भावाचाच.

लोक माझ्याकडे बघायला लागले. क्षणभर मलाच वाटले, हरले. माझाच विद्यार्थी.

मग म्हटले, "बाबल्या, तू देवासमान म्हणतंस काय देवाससमान?"

त्याने ओठातल्या ओठात दोन्ही म्हणून बघितले.

"आवशीसमान म्हणतंस काय आवशीससमान? दोघांची वाटणी करताना स लागता. एकासारखो दुसरो म्हणताना लागत नाय. माझ्या बापाशीक दोनय म्हायत होती."

सावळो गुरव म्हणाला, खरां. पण गुरवाच्या खरां ने बाव कोणाची होत नाही. बाबलो म्हणाला कचेरीत जाऊ. मी म्हटले जाऊ.

पुरणपोळी त्याच्याकडे पाठवली. बायोने नेली. सरसने वाटी भरून शेवयांची खीर परत पाठवली.

६ एप्रिल

गुढी अजून वर आहे. शा. म्हणते लोक हसतात. हसू देत. साडी जुनी आहे, उन्हाने विटली तरी चालेल.

घडा मात्र बांधता येत नाही तोवर. कळशी दोराने टाकते. खांदे दुखतात. दुखू देत.

१० एप्रिल

गुढी उतरवली, वाऱ्याने वासा वाकत होता. बाबलो माणसे घेऊन आला नाही. कचेरीचा निकाल होईपर्यंत लाट राहू दे म्हणाला. हे मला नाही, शा.ला म्हणाला.

शा. अर्ज लिहून देणार होती. मी म्हटले मीच लिहीन. आठ वेळा फाडला. शा. जागा मोजते, शब्दाशब्दात बोटभर. काल तर माझ्या अर्जात एवढ्या जागा होत्या की ती म्हणाली, आई, आता यात गाय चरेल.

१६ एप्रिल, सोमवार

मालवणला कचेरीत जाऊन आलो. बाबलो, शा., मी, तिघे एकाच गाडीने. बाबल्याने मला खिडकी दिली. घाटी उतरताना मला मळमळते हे त्याला माहीत. भांडण कचेरीत, गाडीत नाही.

कारकून तरुण, तोंड गोड. शुद्ध बोलतो, रेडिओसारखे. कागद उलटा धरला. मी सुलटा करून दिला. म्हणाला, "आजी, मोडी वाचणारे आमच्याकडे एकच होते, ते रिटायर झाले. आता हा रत्नागिरीला पाठवावा लागेल."

किती दिवस? ते सांगता येणार नाही.

मग अर्ज वाचला. अक्षर चांगले म्हणाला. जागा पण चांगल्या सोडल्यात म्हणाला, शा. लाजली. मग बोट ठेवले त्या ओळीवर. मी लिहिले होते, बावीवर भावा समान बहिणीस पाणी.

म्हणाला, "इथे तुम्ही जागा सोडली आहे. मूळ कागदात आहे का जागा?"

मूळ कागदात कुठेच जागा नाही, मी म्हटले.

"मग तुम्हाला सोडता येणार नाही. यांनी पण नाही." बाबल्याने आपल्या अर्जात भावास मान असे तोडून लिहिले होते, त्यावर पण बोट. "नक्कल जशीच्या तशी हवी. तोडायचे कुठे ते रत्नागिरीवाले ठरवतील. दोघांनी इथेच पुन्हा लिहून द्या."

शा.ने माझ्याकडे बघितले. महिनाभर शिकवलेले सगळे पाण्यात. आणि मला असे हसू फुटले की कारकून घाबरला.

टेबलावर टाक आणि दौत होती. बाबल्याने खिशातले पेन काढले, फाउंटन, न बुडवता लिहिणारे, आणि लिहून दिले. सगळे एका रंगाचे. मग मी. टाक बोरूसारखा नाही, टोकाला टोचतो, पण बुडवावा लागतो. बुडवला. बावीवर. भावा. लिहीत गेले, शाई संपत आली, वा ओढून पुरा केला. थांबले. दौतीत टाक बुडवला, कडेला निथळला, आणि मग स.

जागा नाही सोडली. केसाएवढी पण नाही. नक्कल जशीच्या तशी. कारकून म्हणाला, उत्तम.

बाबलो माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याला मीच शिकवले, त्याला दिसणारच. स काळा, मागचा वा फिका. त्याने पेनाला टोपण लावले. कारकुनाला सांगायला हवे होते तर सांगू शकला असता, की हिने शाईत लबाडी केली. लबाडी नाही, पण सांगू शकला असता.

येताना त्याने बायोसाठी मालवणी खाजे घेतले. खिडकी परत मला.

२० एप्रिल

काही नाही. इंजिन सकाळी. मी त्याच्या आधी उठते. चार कळश्या.

२४ एप्रिल

काही नाही. शा. विचारते रत्नागिरीचा तो वाचणारा कसा असेल. मी म्हटले, म्हातारा असू दे. ज्याने दौत धरली आहे असा असू दे. नुसता स बघून तोडणारा नको.

समजा त्याने भावास मान म्हटले तर? शा. ने विचारले. मी म्हटले तर माझी लाट तिथेच. बापाशीचे लिहिणे चुकीचे वाचले म्हणून ते चुकीचे होत नाही. वाचणाऱ्याचे वाचणे चुकते. ती म्हणाली, आई, कायद्यात असे नसते. नसू दे.

नियमाचे पुढचे कलम आज लिहिले, पेटीतली राहिलेली पत्रे वाचून. उघडा स आला की थांबायचे. मागचे वाचायचे, पुढचे वाचायचे, दोन्हीकडे माणसे उभी राहतात काय बघायचे. मग शाई. मग तोडायचे. तोडायचे आहेच असे पण नाही.

३० एप्रिल, सोमवार

आज इंजिन आणि लाट एकाच वेळी चालली.

मला उशीर झाला, बायो रडत होती, तिला कडेवर घेऊन गेले. बाबल्याने इंजिन आधीच लावलेले. थांबायचे की परत जायचे? मी लाटेला घडा बांधला आणि टाकला. एकीकडे त्याचा पाइप, एकीकडे माझा घडा, पाणी मध्ये. घडा अर्धाच भरून येतो. परत टाकला. तो पश्चिमेकडून बघत उभा.

इंजिनाच्या आवाजात ओरडून म्हणाला, "आत्ये, रत्नागिरीसून भावास मान इला तर?"

"तर मान तू घे. माका पाणी भरूचा आसा."

तो हसला की काय कळले नाही, आवाज एवढा. सरस मागे घमेले घेऊन उभी होती, ती हसली ते दिसले.

बायो कठड्याजवळ. तिने दोन्ही हात पुढे केले आणि एका दमात बोलली. बाबल्याने कानाला हात लावला, काय म्हणता? तिने परत म्हटले, तोंड लाल करून. त्याला फक्त तोंड हलताना दिसत होते.

त्याने वाकून इंजिन बंद केले.

एकदम एवढे शांत झाले की वाफ्यात पाणी मुरते ते पण ऐकू आले. बायोने तिसऱ्यांदा म्हटले. मी जसे ऐकले तसे लिहिते, जागा न सोडता, तिने सोडली नव्हती.

आजयेमाकापानीदीमगेकाकाकदी

बाबलो म्हणाला, "काय म्हणता गो ती?"

मी म्हटले, तोड तू. तुका शिकयलंय मां.

तो उभा राहून मनात जुळवत होता, ओठ हलत होते, अक्षरे शिकताना हलायचे तसे. ह्यात स नाही. कोट घातलेले एक पण अक्षर नाही. शेवटी त्याने क धरला, उघडा क, काकाक वरचा, आणि तिथे तोडले. दी. मग मागे मागे गेला. मगे. पानी दी. माका.

"आजये, माका पानी दी," त्याने म्हटले. "मगे काकाक दी."

घडा वर आला, पुरा भरून. बायोला ओंजळीने पाजले. मग घडा कठड्यावर ठेवला, त्याच्या बाजूला. तो पितो की नाही बघायला मी थांबले नाही. कळशी डोक्यावर घेतली, नातीला हाताला धरले.

घरी येऊन कळशी उतरवून हे लिहायला बसेपर्यंत इंजिन परत सुरू झालेले नाही. कान तिकडेच आहे.